फोटोखाली दोन ओळी जास्त छापा

मा. संपादक,

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवणीत 'आयुष्यात एकदा तरी बघावीत अशी निसर्गाची आश्चर्यं' वगैरे यादी येतेच, फोटो एक नंबर असतात, मी पण पेपर हातात आला की आधी तेच पान उघडते. पण तिथे कधी जायचं आणि गेल्यावर काय अजिबात करायचं नाही हे त्या फोटोखाली कधीच नसतं, म्हणून आज लिहायला बसले.

सीझनचं आधी पटकन सांगते. व्हिक्टोरिया धबधबा 1,708 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच आहे हे बरोबर, पण झांबियाच्या बाजूने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर समोर बराचसा कोरडा कडाच दिसतो, आणि एप्रिलच्या सुमाराला पाणी इतकं असतं की तुषारांच्या धुक्यात धबधबाच नीट दिसत नाही. बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानाचा तो आभाळ खाली उतरल्यासारखा फोटो पावसाळ्यातला, साधारण डिसेंबर ते एप्रिल, मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो तेव्हाचा. एरवी तिथे कोरडं पांढरं मीठ असतं, तेही सुंदरच, पण फोटो बघून गेलेल्याचा हिरमोड होणारच ना.

आता खरा मुद्दा, नाणी. उत्तर आयर्लंडमधलं जायंट्स कॉजवे घ्या. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले आणि बेसॉल्टचे जवळपास 40,000 खांब तयार झाले, बहुतेक षटकोनी, एकमेकांना खेटून उभे. त्यांच्यामधल्या बारीक फटींत लोक नाणी खोचतात, कोणी प्रेमासाठी, कोणी नशिबासाठी, आणि एकाने खोचलं की मागचा पण खोचतोच. मग ते नाणं समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की कडेच्या दगडाचा कपचा उडतो आणि खांबावर गंजाचे तांबूस ओघळ येतात. 2025 मध्ये तिथली देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टला लोकांना अक्षरशः विनवावं लागलं की बाबांनो नाणी खोचू नका.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या मॉर्निंग ग्लोरी या गरम पाण्याच्या कुंडाचं तर वाचूनच वाईट वाटतं. एकेकाळी नावातल्या फुलासारखं गर्द निळं होतं ते. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी आणि कचरा टाकला, गरम पाणी वर येण्याची वाट अडली, पाणी थोडं निवलं आणि आधी फक्त कडेला जगणारे जिवाणू आतपर्यंत पसरले, म्हणून आज तिथे पिवळा-नारिंगी रंग दिसतो. 1950 साली पाणी उपसून कुंड साफ केलं तेव्हा नाण्यांच्या ढिगाबरोबर रुमाल आणि टॉवेलसुद्धा निघाले! गंमत म्हणून टाकलेल्या वस्तू, पण तो निळा रंग काही पूर्ण परत आला नाही.

कोणी म्हणेल, निसर्ग स्वतः पण पाडतोच की. पाडतो ना, माल्टाची अझूर विंडो, समुद्रकाठची दगडी कमान, 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली, त्याला कोणाचाच इलाज नव्हता. पण वादळ थांबवता येत नाही म्हणून आपला हात पण आवरायचा नाही, हे मला तरी पटत नाही.

आणि एखादी जागा बंद केली की लोक वैतागतात, 'एवढे पैसे भरून आलो' वगैरे, तेही चुकीचं वाटतं मला. थायलंडची माया बे ही खाडी जून 2018 मध्ये बंद केली, तिथे पुन्हा प्रवाळ लावले, काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत दिसायला लागले, मग जानेवारी 2022 मध्ये ती उघडली, आणि आता बोटींना थेट खाडीत यायला मनाई आहे. आइसलंडमधली एक दरी एका गाण्याच्या व्हिडिओमुळे एवढी फेमस झाली की गर्दीने तिथलं शेवाळ तुडवलं गेलं आणि 2019 मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावर चढू नका असं तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक कितीतरी वर्षं सांगत होते, त्यांच्यासाठी ती पवित्र जागा, शिवाय वर टॉयलेट नाही म्हणजे पाऊस पडला की वरची घाण खालच्या पाणवठ्यात. तरी लोक चढतच राहिले. शेवटी 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली आणि ती बंद होणार म्हटल्यावर आधी चढून घ्यायला रांगा लागल्या. त्या रांगांचे फोटो बघून मला फार वाईट वाटलं होतं. पायथ्याभोवती अख्खी चक्कर मारता येते, पहाटे-संध्याकाळी तो खडक रंग बदलताना बघता येतो, अजून काय पाहिजे माणसाला?

तर विनंती एवढीच की पुढची यादी छापाल तेव्हा जागा दहाच्या पाच झाल्या तरी चालेल, पण प्रत्येक फोटोखाली योग्य महिने आणि तिथला नियम द्या, नियम का केलाय ते पण एका वाक्यात. आणि जी जागा सध्या बंद असेल ती यादीतून गाळू नका, बंद आहे आणि का आहे असं लिहूनच छापा.

आपली नियमित वाचक