छाव्यासोबतचा सेल्फीही त्याच धंद्यातला

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत दक्षिण आफ्रिकेतल्या पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांच्या शिकारीवर लेख आलाय, त्यातला संताप रास्तच आहे पण तो सगळा मेलेल्या सिंहाशेजारी बंदूक घेऊन बसलेल्या त्या परदेशी माणसावरच काढलाय. धंदा तिथे सुरू होत नाही हो. छावा जन्मला की काही दिवसांतच त्याला आईपासून तोडतात, मग पर्यटक पैसे मोजून त्याला बाटलीने दूध पाजतात, मांडीवर घेऊन सेल्फी काढतात, जरा मोठा झाला की त्याच्यासोबत फिरायचं पॅकेज, आणि आयाळ भरली की कुंपणाच्या आत गोळी. हाडं आशियात विकली जातात ती वेगळीच. म्हणजे पोराबाळांना घेऊन गेलेला साधा टूरिस्टही याच साखळीत आला की नाही?

2015 मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह शिकारीत मारला गेला तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली, पण तो जंगलातला होता. दक्षिण आफ्रिकेत असे हजारो सिंह पिंजऱ्यात आहेत, तिथल्या जंगलातल्यांपेक्षा जास्त, त्यांची बातमी क्वचितच होते. 2021 मध्ये तिथल्या सरकारने सिंहांना असं पिंजऱ्यात वाढवणं बंद करायचं जाहीर केलं, तरी फार्म अजून चालूच आहेत.

आता आपल्याकडचेही बरेच जण तिकडे टूरला जातात, आणि पर्यटनाच्या पानावर छाव्याला कुरवाळतानाचे फोटो ‘अविस्मरणीय अनुभव’ म्हणून कौतुकाने छापले जातात. ते बंद करा, नाहीतर निदान फोटोखाली त्या छाव्याचं पुढे काय होतं तेही दोन ओळीत छापा.

– एक वाचक, डोंबिवली