व्हिडिओ अडकला म्हणून फॉरमॅट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते. लग्नाची कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाही. (पेनड्राइव्हवर आली तरी आपल्याकडे ती अजून कॅसेटच.) शिवजयंतीच्या चित्ररथांचे मोबाइलवर घेतलेले शूटिंग, शाळेच्या स्नेहसंमेलनाची फाइल, सगळ्यांचे रडगाणे तेच. आणि सल्लाही ठरलेला : ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ पैसे जातात, बॅकअप घेतलेला नसेल तर जुने फोटो जातात, आणि दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा अडकतो. व्हिडिओ न चालण्याची कारणे मोजकी आहेत आणि त्यांतली बहुतेक फॉरमॅटने जात नाहीत. ती घरीच कशी ओळखता येतात ते सांगण्यासाठी हे पत्र. उदाहरणे व्हीएलसी प्लेअरची दिली आहेत, कारण तो फुकट आहे आणि बहुतेकांकडे असतोच.

आधी एकच गोष्ट बघा. व्हिडिओ दोनदा चालवा आणि अडकतो ती वेळ कागदावर लिहा. दोन्ही वेळा बरोबर त्याच मिनिट-सेकंदाला अडकला तर दोष फाइलमध्ये किंवा ती ज्यावर आहे त्या पेनड्राइव्ह-हार्डडिस्कमध्ये. दर वेळी वेगळीकडे अडकला तर कॉम्प्युटरला तो झेपत नाही. एवढी पारख झाली की निम्मे काम झाले.

एकाच जागी अडकणारी फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून बघा. कॉपी मध्येच थांबून ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा एरर आला, तर ड्राइव्हचा तो भाग वाचला जात नाही. अशा वेळी त्यावर दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवत बसू नका, आधी बाकीच्या सगळ्या फाइली दुसरीकडे काढून घ्या. कॉपी सुरळीत झाली तरी व्हिडिओ तिथेच अडकत असेल, तर फाइलच अर्धवट आहे. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा आणि शूटिंगवाल्याकडच्या मूळ फाइलशी बाइट्सचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत ताडून घ्या. ‘सेफली रिमूव्ह’ न करता पेनड्राइव्ह ओढला की हा फरक पडतो. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारे ‘५१२ जीबी’चे पेनड्राइव्ह ही आणखी एक भानगड. आत चिप छोटी असते आणि आकडा खोटा दाखवला जातो. खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइली चढल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचे फुकट सॉफ्टवेअर रिकामा पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचते आणि खरी क्षमता सांगते. नवीन पेनड्राइव्हवर लग्न चढवण्याआधी ही तपासणी एकदा करावी.

मोठी फाइल कॉपीच होत नाही, ‘फाइल टू लार्ज’ म्हणून येते, ती तक्रार निराळी. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा (फाइली मांडण्याची जुनी पद्धत) असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. त्यावरचा माल काढून घेऊन पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट करायचाच तर हा.

फाइल अजिबात उघडतच नसेल तर रेकॉर्डिंग कसे थांबले ते आठवा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कोणते चित्र कुठे आहे याची यादी, साधारणपणे रेकॉर्डिंग बंद करताना सगळ्यात शेवटी लिहिली जाते. कार्यक्रम चालू असताना लाइट गेली किंवा मोबाइलची बॅटरी संपली की चित्रे आत असतात, पण यादीच नसते. प्लेअरला कुठून सुरू करावे ते कळत नाही. एव्हीआय फाइल असेल तर व्हीएलसीच्या टूल्स मेन्यूतल्या प्रेफरन्सेसमध्ये ‘डॅमेज्ड ऑर इन्कम्प्लीट एव्हीआय फाइल’ या ओळीपुढे ‘ऑलवेज फिक्स’ निवडा, बहुतेक वेळा काम होते. एमपी४ ला हा उपाय नाही. त्यासाठी अनट्रंक हे सॉफ्टवेअर आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. म्हणून कार्डावरचे बाकीचे शूटिंग पुसू नका आणि त्यावर नवीन काही घेऊ नका. मंडळे ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवरून कार्यक्रम रेकॉर्ड करतात, त्यांनी रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवावा. लाइट गेली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो आणि नंतर फाइल मेन्यूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने दोन मिनिटांत एमपी४ होतो.

आता वेगवेगळ्या जागी अडकण्याकडे. आमच्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण माणसे फाइलचे आडनाव बघतात : ‘एमपी४ तर आहे, मग का चालत नाही?’ एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्याची नावे. कुंद्याच्या डब्यात कोणी गोकाकचा करदंट भरून दिला तर डब्यावरून कळणार नाही, तसेच हे. आत कोणत्या पद्धतीने चित्र दाबून भरले आहे त्याला कोडेक म्हणतात. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकचे नाव, रिझोल्यूशन (चित्रात किती ठिपके) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) समोर येतो. एच.२६४ हे २००३ पासूनचे कोडेक बहुतेक सगळीकडे चालते. एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ चे. ते तेवढेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवते, पण उलगडायला कितीतरी जास्त गणित लागते. हे गणित करणारी खास यंत्रणा इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०१५ नंतरच्या, प्रोसेसरमध्ये आहे. १०-बिट (रंगांच्या जास्त छटांच्या) एचईव्हीसीसाठी सातवी पिढी लागते. पिढी ओळखायला टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे नाव वाचा. आय३-४००५यू असेल तर डॅशनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी. नव्या मोबाइलवर ४केमध्ये सेकंदाला ६० फ्रेमनी घेतलेला चित्ररथ या मशीनला ओढवत नाही, यात विंडोजचा काय दोष?

खात्री करून घ्यायची असेल तर व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जा. जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) क्लिक केले की ‘व्हिडिओ डिकोड’ असा एक आलेख दिसतो. तो थोडाफार वर गेला आणि सीपीयू (प्रोसेसर) दहा-वीस टक्क्यांवर असेल तर यंत्रणा काम करते आहे. आलेख शून्यावर पडून आहे आणि सीपीयू शंभराला टेकलाय, तर सगळा भार प्रोसेसर एकटा ओढतो आहे. मग व्हीएलसीच्या त्याच कंट्रोल-जेच्या खिडकीत स्टॅटिस्टिक्स उघडा. तिथे ‘लॉस्ट’ फ्रेमचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळताना दिसेल. आवाज सरळ चालतो आणि चित्र उड्या मारते, त्याचे कारण हेच. आवाजाला गणित कमी लागते. प्रोसेसर सहाव्या पिढीचा किंवा पुढचा असूनही आलेख शून्य असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घाला. विंडोज नव्याने टाकल्यावर हा ड्रायव्हर घालायचा राहून गेला, तर फॉरमॅटनंतर व्हिडिओ आधीपेक्षा जास्त अडकतो!

जुन्या मशीनवर तात्पुरता आराम हवा असेल आणि फाइल एच.२६४ असेल, तर प्रेफरन्सेसच्या इनपुट/कोडेक्समध्ये ‘स्किप एच.२६४ इन-लूप डीब्लॉकिंग फिल्टर’पुढे ‘ऑल’ निवडा. चेहऱ्यांवर थोडे चौकोन दिसतील, पण व्हिडिओ धावेल. एचईव्हीसीला मात्र फाइल बदलून घेणे हाच खरा इलाज. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, फाइल आत ओढा, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट घ्या, व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच.२६४ असल्याची खात्री करा आणि स्टार्ट दाबा. जुन्या मशीनवर तासाभराच्या ४के फाइलला कित्येक तास लागतात. रात्री लावून ठेवा, तेही यूपीएस असेल तरच. मूळ फाइल पुसू नका.

चित्र हिरवे होणे, गुलाबी पट्टे येणे, चौकोन फुटणे, ही लक्षणे दुसऱ्याच रोगाची. व्हीएलसी ३.० पासून, म्हणजे २०१८ पासून, हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू असते आणि काही ड्रायव्हरशी त्याचे जमत नाही. टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स, ‘हार्डवेअर-ॲक्सेलरेटेड डिकोडिंग’ इथे ‘डिसेबल’ करून सेव्ह करा, प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. आवाज येतो पण पडदा काळा असेल तर व्हिडिओच्या पानावर आउटपुट ‘ऑटोमॅटिक’ आहे तिथे एकदा डायरेक्ट३डी९ आणि एकदा ओपनजीएल लावून बघा. कोणी बरीच सेटिंग्ज फिरवून ठेवली असतील तर खाली डाव्या कोपऱ्यात ‘रीसेट प्रेफरन्सेस’ आहे, ते प्लेअर काढून परत घालण्यापेक्षा बरे. नवरीचा लाल शालू विटका आणि चेहरे राखाडी दिसत असतील तर फाइल बहुधा एचडीआरची (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी) आहे आणि तुमचा स्क्रीन साधा. जुन्या कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइलमध्ये हलणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस ‘ऑन’ आणि मोड ‘याडिफ’ केले की जातात.

आवाज आणि ओठ जुळत नसतील तर फरक सुरुवातीपासून तेवढाच आहे की वाढत जातो ते बघा. तेवढाच असेल तर व्हीएलसीत आवाज आधी येत असताना के आणि मागून येत असताना जे दाबा. एका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात. ब्लूटूथ स्पीकर लावला की आवाज मागे पडणे नेहमीचेच, ते असेच जुळते. अंतर वाढत जात असेल तर ही बटणे निरुपयोगी. मोबाइल अंधारात फ्रेम रेट कमी-जास्त करतो आणि एडिटिंगमध्ये ते चुकते. हँडब्रेकमध्ये मूळ क्लिप ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून मगच एडिटिंगला घ्यावी. एचडीएमआयने टीव्हीला जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर ऑडिओ मेन्यूत ‘ऑडिओ डिव्हाइस’मध्ये टीव्हीचे नाव निवडा. जुन्या लॅपटॉपची एचडीएमआय ४केला सेकंदाला तीसच चित्रे देते, म्हणून टीव्हीवर हालचाल झटक्यांनी दिसते. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी, ६० हर्ट्झ करा.

सबटायटलचा त्रास आपल्या भागात दुहेरी आहे, कारण एकाच व्हिडिओला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात. अक्षरांऐवजी चौकोन आले तर फाँट नाही. प्रेफरन्सेसमधल्या सबटायटल्सच्या पानावर फाँट ‘निर्मला यूआय’ निवडा. विंडोज ८ पासून तो आतच असतो आणि देवनागरी, कन्नड दोन्ही दाखवतो. चित्रविचित्र रोमन खुणा आल्या तर तिथेच एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ करा. तरीही खुणाच दिसल्या तर मजकूर श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे, तो युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय कोणताच प्लेअर वाचणार नाही. जोडाक्षरे तुटत असतील तर व्हीएलसी २ आहे, ३ घाला.

घालताना मात्र साइट बघून. २०२२ मध्ये काही महिने व्हीएलसीची मूळ साइट भारतात बंद होती, नोव्हेंबरात ती खुली झाली. त्या काळात लोकांनी भलत्याच ठिकाणांहून तो उतरवला आणि बरोबर जाहिरातींची सॉफ्टवेअर घरात आली. खरी जागा व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. ‘कोडेक सापडत नाही, इथे क्लिक करा’ असे सांगणाऱ्या खिडक्यांवर क्लिक करू नका. व्हीएलसीला वेगळे कोडेक लागत नाहीत. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी पैसे मागतो, तोही खर्च नको.

शेवटी सीमाभागातल्या फोटो-व्हिडिओवाल्या मंडळींना एक विनंती. तुमची मूळ फाइल कोणत्याही कोडेकची असू दे, पण घरच्यांना द्यायची प्रत एच.२६४, ८-बिट, १०८०पी, १५ एमबीपीएसच्या (सेकंदाला १५ मेगाबिट) आसपास काढा. तीन तासांचे लग्न सुमारे २० जीबीत बसते, म्हणजे ३२ जीबीचा एक्सफॅट पेनड्राइव्ह पुरतो. फाइलला साधे नाव द्या आणि देण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच, शेवटची पाच मिनिटे धरून, चालवून बघा. आयफोनवर शूटिंग करणाऱ्यांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे आणि रेकॉर्ड व्हिडिओमधला एचडीआर बंद ठेवावा. ४के ६० फ्रेम त्या सेटिंगवर मिळत नाही, ३० मिळते. घरच्या टीव्हीला ती पुरते.

आपले,
कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामातले काही जण,
खानापूर व निपाणी