ताप लपवू नकोस

चि. वैशाली हीस धुळ्याहून आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने काल फोन केला नसता, तर तुला चार दिवस ताप होता आणि डेंगीमुळे सलाइन लावावे लागले, हे मला कळलेच नसते. त्यानंतर मी फोनवर जे बोलले त्याचे मला वाईट वाटते. पण तुझे बोलणेही मनातून जात नाही. “आई, तुला प्रत्येक तापात २०२१च दिसते,” असे तू म्हणालीस. खरे आहे. लिहिताना आवाज चढत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या बाबांनीही ताप लपवला होता. १३ एप्रिलला, पाडव्याच्या सकाळी, गुढी बांधताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला तो चटका बसावा इतका गरम होता, आणि ते “उन्हाचे आहे” म्हणाले. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सर्वांना कोरोनाची लस खुली झाली होती. पाडवा झाला की घेतो, असेही तेच म्हणाले होते. आपल्याला लागण होऊ नये म्हणून ते चार रात्री ओट्यावर निजले आणि कारण सांगितले उकाड्याचे. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचा ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ८२ होता, आणि ते मात्र खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होते. या आजारात प्राणवायू उतरला तरी काहींना धाप जाणवत नाही, हे पुढे तूच मला तुझ्या पुस्तकात दाखवलेस. तुझा मामा रेमडेसिव्हिरसाठी नाशिकपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. त्यापुढचे लिहीत नाही. तू तिथेच होतीस.

मला खरे तर त्यांचे आदल्या वर्षीचे दिवस आठवून द्यायचे होते. मे २०२० मध्ये परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला एसटी मोफत धावत होती, तेव्हा बाबा पळासनेरपर्यंत फेऱ्या करत. घरी आले की मागच्या दारी अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि मगच सागरला जवळ घेणे. एका फेरीतल्या मजुराचा नंबर त्यांनी तिकिटामागे लिहून आणला होता, आणि तो बिहारमधल्या त्याच्या गावी पोहोचेपर्यंत रोज संध्याकाळी त्याला फोन करत होते. अनोळखी माणसाची खुशाली रोज विचारणाऱ्याने स्वतःचा ताप घरात सांगू नये, याचा राग मला अजून येतो. त्यांच्यावर राग धरणे बरे नाही, तरी येतो.

आणि तू अगदी त्यांच्यासारखी आहेस. प्लास्टिकच्या आवरणातून त्यांचा चेहरा दुरून पाहिलेल्या मुलीने वर्षभरात नर्सिंगचा अर्ज भरला, तेव्हा मला भीतीच वाटली होती. अभिमान नंतर आला, तुझा गणवेशातला फोटो पाहिल्यावर. शिवणयंत्राचे हप्ते मी त्याच फोटोकडे पाहत फेडले. तेव्हा आता नीट ऐक. दुखले तरी मनाने गोळ्या घेऊ नकोस, पाणी भरपूर पी, मच्छरदाणी लाव, प्लेटलेट पुन्हा तपासून घे, ताप उतरला म्हणून लगेच ड्युटीवर जाऊ नकोस, कारण डेंगीत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जपायचे असतात. हे तू रोज रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत असशील आणि मी तुलाच शिकवत बसले आहे. क्षमा कर. लिहायला बसताना ठरवले होते की तापाचा विषय एकदाच काढायचा.

सागरचा बारावीचा अभ्यास बरा चालला आहे. त्याला तुझ्या आजाराचे सांगितलेले नाही. म्हणजे मीही लपवलेच. आज रात्री सांगेन.

पुण्याच्या गाडीवर बाबांच्या आगारातले काका आहेत, त्यांच्या हाती नाचणीच्या लाडवांचा डबा देते आहे. रविवारी सकाळी फोन कर. आधी तापाचा आकडा सांग, मग बाकीचे.

तुझी आई