३ ऑक्टोबरची सायंप्रार्थना

प्रिय बंधू-भगिनींनो,

येत्या शनिवारी असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या देहावसानाला ८०० वर्षे होतात. संध्याकाळी ६.३० वाजता चर्चमागच्या हॉलमध्ये जमायचे आहे. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी ट्रॅफिक धरून निघावे.

स्तोत्र १४२ दोन गटांत आळीपाळीने म्हणू. अखेरच्या घटकेला फ्रान्सिस यांच्या ओठी हेच स्तोत्र होते. कृपया घाई नको: ओळीच्या मध्ये थांबा, श्वास घ्या, समोरच्या गटाची ओळ पुरती संपू द्या. एकमेकांचे ऐकल्याशिवाय ती सामुदायिक प्रार्थना होत नाही.

याच ठाण्यात १३२१ साली रक्तसाक्षी झालेल्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या, संत फ्रान्सिस यांच्या संघातील चार फ्रान्सिस्कन बंधूंचेही स्मरण करू.

आजारी सभासदांनी त्याच वेळी घरी स्तोत्र म्हणावे आणि ग्रुपवर कळवावे; रविवारी मिस्सानंतर आम्ही भेटायला येऊ.