लाल दिवा लागलेल्या ‘डिजिटल’ पंचायतीकडून

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री

महोदय, स.न.वि.वि.

रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने आमच्या ग्रामपंचायतीला इंटरनेट पुरवणारी भारतनेट योजनेची फायबर केबल पुन्हा तोडली. तक्रार केली, तर ‘निवारण झाले’ असा मेसेज आला. ओएनटीवरचा, म्हणजे केबलमधून प्रकाशाने येणारा सिग्नल घेणाऱ्या पंचायतीतल्या यंत्रावरचा, एलओएसचा (‘सिग्नल नाही’ सांगणारा) दिवा अजून लालच आहे. म्हणजे उपकरणापर्यंत प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी ‘रीस्टार्ट करून बघा’ म्हणणाऱ्याला एवढं तरी शिकवा.

काम काही अगडबंब नाही. ओटीडीआर हे तपासणीचं यंत्र लावलं की केबल किती मीटरवर तुटली ते कळतं. तिथे खोदायचं, दोन्ही टोकं साफ करून स्प्लायसिंग मशीनने जोडायची, जोड क्लोजरमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या डब्यात, बंद करायचा. नीट केलेल्या सांध्यात सिग्नल ०.१ डेसिबलसुद्धा (डीबी) घटत नाही. प्रत्यक्षात क्लोजर नसतो, मग जोडाला चिकटपट्टी! पावसाळ्यात पाणी शिरतं, सिग्नलची ताकद साधारण उणे २८ डीबीएमच्या खाली गेली की ओएनटी मान टाकतो. मुळात साध्या मातीत दीड मीटरहून खोल टाकायची केबल हातभर खणलं की सापडते. मग जेसीबीवाल्याला काय बोलायचं? खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप २०२३ पासून आहे म्हणे. ठेकेदाराला विचारा, त्याने ते कधी उघडलंय का.

आणि वीज गेली, बॅटरी मेलेली असली, तर केबल धड असूनही उपयोग शून्य. तोवर दाखले अडतात, ई-केवायसी अडतं. पीक विम्याची मुदत मात्र वेळेवर संपते. ती कशी अडत नाही?

२०११ साली अडीच लाख पंचायती जोडायचं ठरलं. २०१५ मध्ये योजनेचं नाव बदलून भारतनेट झालं, २०२३ मध्ये आणखी १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. आता केबलची रिंग करणार, एक बाजू तुटली तर दुसरीकडून सिग्नल येणार. उत्तम! फक्त खोदाईचे पैसे वाचवायला रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात पुरू नका, नाहीतर एकच जेसीबी दोन्हींचा निकाल लावेल.

आणि ते ‘सर्व्हिस रेडी’ काय असतं हो? यंत्र एकदा पेटलं की पंचायत तुमच्या आकड्यात जमा, मग विझो की जळो. ठेकेदाराचं बिल निघतं, अधिकाऱ्याची बदली होते, फीत कापलेला फोटो राहतो. रस्ता खोदणारं खातं वेगळं, केबलचं वेगळं, विजेचं तिसरंच. जबाबदार कोण, तर लाइन न मिळालेला नागरिक!

सेवा चालू आहे की नाही, हे पंचायतीतल्या ओएनटीवर मोजा, तालुक्यातल्या यंत्रावर नको. सिग्नलचं रीडिंग आणि पंचायतीचा ओटीपी असल्याशिवाय एकही तक्रार बंद करू देऊ नका. देखभालीचं बिल त्याच नोंदीवरून काढा. पुढची फीत त्यानंतर कापा.

आपला,
एक त्रस्त ग्रामस्थ