मच्छरदाणीतला उजेड

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले असते तर नेहमीचंच झालं असतं, आई स्पीकर लावणार, बाबा झोपाळ्यावरून "काय म्हणत्ये ती?" विचारणार, मधेच रेंज जाणार आणि मग "आलीस की बोलू" म्हणून विषय संपणार. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. मामेभाऊ शुक्रवारी दापोलीला येतोय, त्याच्याकडे एक पार्सल दिलंय. ते उघडायच्या आधी हे वाचा, प्लीज.

पार्सलमध्ये मोबाईल नाहीये. हे पहिलं सांगते कारण बाबा, तुम्ही बॉक्स बघितल्या बघितल्या म्हणणार की आणखी एक मोबाईल कशाला, आहे तोच धड कळत नाही. हे नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र आहे, किंडल. यावर फोन येत नाही, व्हिडिओ लागत नाही, गुड मॉर्निंगची फुलं येत नाहीत. आणि नवंही नाहीये, माझंच आहे, २०२१ चं मॉडेल, मी दुसरं घेतलं. नवं पाठवलं असतं तर तुम्ही प्लास्टिक न काढता कपाटात ठेवलं असतंत, देवाशप्पथ सांगते.

कारण सांगते. गेल्या गणपतीत आले होते तेव्हा रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले, लाईट गेलेली, आणि बघते तर बाबा मच्छरदाणीत बसून बॅटरी मान आणि खांद्याच्या मधे धरून दोन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक वाचतायत, पान उलटताना बॅटरी सटकते की ती पुन्हा धरायची, आणि शेजारी आई भिंतीकडे तोंड करून डोळ्यांवर पदर घेऊन. झोपलेली नव्हती, मला कळतं. तेव्हा काही बोलले नाही. लाईट असली की ट्यूबवरून भांडण आणि नसली की बॅटरीवरून, हे मी लहानपणापासून बघत आलेय, "अहो बंद करा ना मेली ती ट्यूब" आणि "हे एवढं पान होऊ दे", आणि ते पान कधी संपायचंच नाही.

दुसरं म्हणजे निसर्ग वादळ. ३ जून २०२०, ते तिकडे श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर आलं पण आंजर्ल्यात आपली अर्धी कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि माळ्यावरच्या बाबांच्या दोन ट्रंका भिजल्या. मी लॉकडाऊनमुळे ठाण्यात अडकलेले, फोन लागत नव्हता, किती दिवसांनी आईचा आवाज ऐकला तर ती आधी माडांचं बोलली, मग गोठ्याचं, आणि सगळ्यात शेवटी हळूच म्हणाली "ह्यांची पुस्तकं गेली गं". नंतर तुम्ही ती खळ्यात वाळत घातलीत, पानं पापडासारखी फुगून चिकटली होती, त्यातली निम्मी पुढे बुरशीने गेली आणि उरलेली कसरीने. त्यानंतर बाबांनी पुस्तक विकत घेतलेलं मला आठवत नाही. विचारलं की "आता कुठे वाचवतंय, मोतीबिंदू झालाय" म्हणायचे. आता ऑपरेशन होऊन वर्ष झालं की बाबा, आता काय कारण आहे?

आता दिव्याचं. बाबांचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, स्क्रीन आणि दिवा म्हटल्यावर मोबाईलच झाला की तो. नाही झाला. मोबाईलचा उजेड पडद्याच्या मागून नाहीतर आतूनच सरळ आपल्या डोळ्यात येतो, म्हणजे पेट्रोमॅक्सकडे बघत बसल्यासारखं. ह्यात दिवा पुढे आहे. कडेला बारीक एलईडी आहेत, १७, आणि स्क्रीनवर एक पातळ पारदर्शक थर आहे. आपल्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी कडेने येतं आणि तुम्ही ते आळ्याआळ्यात सोडता ना, तसा तो उजेड कडेने त्या थरात शिरतो आणि जागोजागी खाली पानावर सोडला जातो, आणि पानावर पडून मग आपल्याकडे येतो. म्हणजे आपण दिव्याकडे बघत नाही, दिव्याच्या उजेडात पानाकडे बघतो. पाट नीट काढला नसेल तर शेवटच्या पोफळीला पाणी पोचत नाही, तसंच सुरुवातीच्या ह्या यंत्रांचं होतं, एलईडी चारच असायचे आणि पानाच्या खालच्या कडेला सावल्या दिसायच्या. आता तसं दिसत नाही.

आणि पान म्हणजे तरी काय, तर ई-इंक. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात, लाखो, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, एकांवर धन भार आणि दुसऱ्यांवर ऋण. वीज दिली की जो हवा तो वर येतो, दुसरा तळाला जातो. एकदा वर आले की तिथेच बसतात, मग वीज लागत नाही. रांगोळी कशी एकदा घातली की कोणी धरून ठेवावी लागत नाही, तसं. म्हणून याची बॅटरी इतकी टिकते, कंपनी म्हणते रोज अर्धा तास वाचलं, वायफाय बंद ठेवलं आणि दिवा १३ वर ठेवला तर १० आठवडे. बाबा अर्धा तास वाचणार नाहीत, चार तास वाचणार, तेव्हा १० आठवडे विसरा, पण जुलैत झाड पडून आठवडाभर लाईट नसली तरी हे चालायला हरकत नाही. चार्जर तुमच्या फोनचाच चालतो.

गंमत म्हणजे हा दिवा यायला बराच वेळ लागला. पहिलं किंडल २००७ च्या नोव्हेंबरात आलं, त्याला दिवाच नव्हता, कागदासारखं म्हणजे अगदी कागदासारखंच, अंधारात दिसायचं नाही. सोनीने २००८ मध्ये कडेला दिवे लावून बघितले होते, पण खरं चालू झालं ते २०१२ पासून, आधी अमेरिकेत नूक नावाचं असलंच यंत्र, मग त्याच वर्षी किंडल आणि कोबो नावाचं आणखी एक. स्वस्तातल्या किंडलला तर २०१९ पर्यंत दिवा नव्हता. मी पहिलं घेतलं ते तसलंच, बिनदिव्याचं, पैसे वाचवले म्हणून खूश. आणि मग बोरिवली-दापोली रात्रीची गाडी, पनवेल सोडलं की कंडक्टर दिवे घालवणार, मी चिमट्याचा दिवा लावून वाचत बसलेली आणि मागच्या आजी "बाय माझे, तो दिवा माझ्या डोळ्यात जातोय गो" म्हणून तीनदा उठल्या. माणगावच्या आधीच मी तो बंद केला. हे पाठवतेय ते घेतल्यावर पहिल्यांदा गाडीत वाचत दापोलीपर्यंत आले, कोणी काही बोललं नाही, शेजारची बाई तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांना सांग की वरून खाली बोट फिरवलं की दोन पट्ट्या येतात. एक उजेड कमीजास्त करायची, २४ पर्यंत जाते. रात्री मच्छरदाणीत ४-५ पुरे, त्याच्यावर जाऊ देऊ नकोस, तेवढा उजेड तुझ्या उशीपर्यंत पोचतही नाही. पावसात ट्यूबवर वाळवीची पाखरं येऊन पंख गाळतात ना, तेवढं झाडायचं काम तरी कमी होईल. दुसरी पट्टी उजेडाचा रंग बदलायची, पांढऱ्याचा पिवळा होतो, कंदिलासारखा. मी रात्री पूर्ण पिवळा ठेवते, मला बरं वाटतं. पण त्याने झोप लागते वगैरे जे लोक सांगतात ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. हार्वर्डवाल्यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, झोपायच्या आधी उजेडाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदावर वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला १० एक मिनिटं जास्त लागली, पण तो १२ जणांवर होता आणि त्यांच्या हातात आयपॅड होता, हे नव्हतं. तेव्हा कोणी त्याचा दाखला ह्याच्यावर लावायला लागलं तर ऐकू नका. दिवसा ओटीवर बसलात तर दिवा ० करा, उन्हात हे जास्त छान दिसतं, मोबाईलच्या अगदी उलट.

पुस्तकं मी भरून दिलीत, ७०-८० असतील. मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरपासून मिळायला लागली, काही विकत घेतलीत, आणि लेखक जाऊन ६० वर्षं उलटली की पुस्तक सगळ्यांचं होतं, तशी जुनी मराठी विकिस्रोत या फुकट पुस्तकांच्या वेबसाइटवरून घेतलीत. ट्रंकेत गेलेल्यांतली किती मिळाली ते सांगणार नाही, तुम्हीच शोधा. पीडीएफ मात्र मी मुद्दाम टाकल्या नाहीत, त्यात अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि बाबा वैतागतात. ईपब फाईल असली की अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळतात. खूप मोठं केलंत तर पानावर आठ ओळी राहतील आणि सारखं पान उलटावं लागेल, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नवं पुस्तक हवं असेल तर मला सांगा, मी इथून पाठवीन, तुम्ही फक्त फोनचा हॉटस्पॉट चालू करून हे विहिरीपाशी न्या, रेंज तिथेच येते ना. दोन मिनिटांत उतरेल. विहिरीत पाडू नका म्हणजे झालं. तसं ते पाण्याला घाबरत नाही, गोड्या पाण्यात २ मीटरपर्यंत तासभर चालतं म्हणतात, पण समुद्राच्या पाण्यात पाव मीटर आणि ३ मिनिटं, तेव्हा बाबा, पुळणीवर फिरायला जाताना घरीच ठेवा. आणि उशीखाली ठेवू नका. माझं पहिलं तसंच गेलं, पलंगावर ठेवलं आणि मीच त्याच्यावर बसले, आतलं फुटलं, अर्ध्या पानावर नुसत्या रेघा. वाचता वाचता मधेच स्क्रीन काळी होऊन लुकलुकेल, बिघडलं नाहीये, पाटी पुसतंय ते, आधीच्या पानाची अक्षरं राहू नयेत म्हणून.

एक गोष्ट बाबांना माहीत नाही. आई, तुला पहाटे तीनला जाग येते आणि मग पाचपर्यंत तू अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतेस, उठलीस तर बाबांची झोपमोड, दिवा लावला तर बाबांची झोपमोड. ४० वर्षं ट्यूब बाबांच्या बाजूने होती, तुला कोणी विचारलंच नाही की तुला वाचायचंय का. दापोलीच्या वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या तू दुपारी भांडी झाल्यावर दारात बसून वाचायचीस आणि बाबा यायच्या आत मिसळणाच्या डब्यामागे ठेवायचीस, मला आठवतंय. म्हणून कथा-कादंबऱ्यांचा वेगळा गठ्ठा केलाय, त्याला नाव दिलंय "आईचं". बाबा बारापर्यंत, आई तीनपासून. आता भांडण यंत्रावरून होईल हे मला कळतंय, पण निदान विषय तरी बदलेल. एकच करा, दोघांनी एकाच वेळी एक पुस्तक वाचू नका, ते शेवटचं पान लक्षात ठेवतं आणि मग बाबांना आईच्या पानावर नेऊन सोडेल.

पावसाची बेगमी झाली असेलच, सुकट, कोकमं, फणसाचे पापड, त्यात हेही धरा. मिरगाच्या आत शनिवारची रात्रीची गाडी मिळाली तर येऊन जाते. तोवर दिवा कितीवर ठेवलात तेवढं फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, ती जुनी बॅटरी टाकून देऊ नका. सेल बदलून आईच्या हाताशी ठेवा, पावसात परसात फुरशी निघतात.