विमा शुल्काच्या नावाखाली घेतलेल्या रकमेचा हिशोब मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सभासद सेवा विभाग

महोदय,

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातला. आमचं घर ढिवरांचं. मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, पोहत वाढलो, म्हणून स्कुबाचं काम जमलं. हंगामात मालवण-तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो आणि पावसाळ्यात रोवणीला गावी येतो. या कामासाठी तुमच्या संस्थेचं सभासदत्व लागतं आणि त्याच्या नूतनीकरणासोबत तुम्ही दरवर्षी विमा शुल्क घेता. यंदा १४,५०० रुपये घेतले. पावतीवर एवढा एकच आकडा आहे. त्यात मूळ हप्ता किती, जीएसटी किती आणि तुमच्याकडे किती राहिले, हे कुठंच लिहिलेलं नाही.

गेल्या हंगामात माझ्या कानाचा पडदा फाटला. दहा मीटरवर पाण्यात दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, त्यामुळे आमच्या धंद्यात ही दुखापत नवी नाही. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली आणि ऐन कमाईच्या दिवसांत मी खोलीवर बसून राहिलो. दवाखान्याच्या खर्चासाठी अर्ज केला, तेव्हा तुमच्या कार्यालयातून फोनवर कळलं की हा विमा दायित्वाचा आहे. म्हणजे पर्यटकाला इजा झाली आणि त्यानं माझ्यावर दावा लावला, तरच तो कामाचा. माझ्या शरीरासाठी त्यात काही नाही. पैसे भरून घेताना हे एका ओळीत सांगता आलं असतं. फॉर्मवर तर फक्त ‘विमा संरक्षण’ छापलं आहे, आणि हातावर पोट असलेला माणूस त्याचा अर्थ स्वतःचं संरक्षण असाच घेणार.

दायित्व विम्याला माझा विरोध नाही. पर्यटकाचा जीव आमच्या हातात असतो, तो विमा हवाच. पण तो मी दुसऱ्या कंपनीकडून आणतो म्हटलं, तर तुम्ही नूतनीकरण अडवता. दुसरा रस्ता बंद करून पैसे घेता, तर हिशोब देणं तुमच्यावर येतं. गट विम्यात, म्हणजे सगळ्या सभासदांच्या एकाच पॉलिसीत, प्रत्येक सभासदाला विम्याचं प्रमाणपत्र मिळायला पाहिजे. मला ते आजवर मिळालं नाही, आणि आमच्या भागातली जी पोरं तिकडं काम करतात त्यांनाही नाही.

तेव्हा मूळ पॉलिसीची प्रत आणि माझं प्रमाणपत्र पाठवा. विमा कंपनीला प्रत्यक्ष किती हप्ता गेला ते लेखी कळवा, आणि हप्ता व कर सोडून जास्तीची घेतलेली रक्कम परत करा. पुढच्या वर्षी विमा कुठून घ्यायचा, ते मला ठरवू द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथंच दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. कागद तयार आहेत. माझ्यासोबतच्या काही जणांनीही आपापल्या पावत्या काढून ठेवल्या आहेत.

आपला सभासद,
(स्वाक्षरी)
ता. साकोली, जि. भंडारा

सोबत: शुल्काची पावती, डॉक्टरांचं प्रमाणपत्र व दवाखान्याची बिलं यांच्या प्रती